फिकट गड्डे, तुटलेला ब्रेक आणि मामीची नजर

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळले, खोकले ते काढलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

आजचा भाग कोबीवर आहे. सॅलडमध्ये बारीक चिरून घालतात ना, तो जांभळा कोबी. कोणी त्याला लाल कोबी म्हणतं, हॉटेलवाले रेड कॅबेज म्हणतात. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. बी.टेक. कॉम्प्युटरमध्ये, आणि बायोलॉजीशी माझं नातं बारावीतच तुटलं. तरीही मी गेली दोन वर्षं कोबीच्या जनुकांबद्दल वाचतेय, कारण या कोबीवरून माझ्या मामा-मामीत मोठं भांडण झालं होतं. म्हणजे भांडण तरी कसलं, मामा बोलत होता आणि मामी गप्प होती.

तर झालं असं.

माझा मामा नारायणगावजवळ शेती करतो. टोमॅटो, कांदा, थोडा ऊस. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका व्यापाऱ्याने त्याला सांगितलं की जांभळा कोबी लाव, हॉटेलांना लागतो, मी उचलतो. मामाने दहा गुंठे लावला. नर्सरीतून ट्रेमधली रोपं आणली, मल्चिंग पेपर, ठिबक, सगळं व्यवस्थित. साडेचार हजारांच्या आसपास रोपं होती. जानेवारीत काढणीला आला तेव्हा मामाचा मला फोन.

"पोरी, तुझ्या त्या इंटरनेटवर बघ जरा, कोबीचा रंग कशानं उतरतो?"

बहुतेक गड्डे मस्त गडद जांभळे होते. पण मध्ये मध्ये काही गड्डे फिकट. धड हिरवे नाहीत, धड जांभळे नाहीत, मळकट. व्यापाऱ्याने दोन-तीन क्रेट उपसून बघितले, पाच-सहा गड्डे मधोमध कापले आणि म्हणाला, हा मिक्स माल हॉटेल घेत नाही. चांगल्या मालाचाही भाव पाडला. कारण सोपं आहे, कुठल्या क्रेटमध्ये काय निघेल याचा भरवसा नाही.

मामा खताच्या दुकानात विचारायला गेला. दुकानदार म्हणाला, "स्फुरद जास्त झालं असंल." आता हे अगदीच हवेतलं नव्हतं बरं का. स्फुरद म्हणजे फॉस्फरस कमी पडला की बऱ्याच पिकांची पानं जांभळट होतात, हे शेतकऱ्यांना माहीत असतं. मग उलटा हिशेब केला: कमी पडल्यावर जांभळं होतं, तर जास्त झाल्यावर जांभळं उतरत असणार. आणि मामाच्या घरी ठिबकमधून खत सोडायचं काम मामीचं. झालं! "बारा-एकसष्ट तूच जास्त सोडलंस." आल्या-गेल्यासमोर हेच. दहा गुंठ्यांचं नुकसान एका माणसाच्या नावावर जमा.

मी शनिवारी गेले. स्वयंपाकघरात मामी भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "मी तवाच म्हटलं होतं, ट्रेमधल्या काही काड्या हिरव्या दिसत्यात. कोण ऐकतंय?"

हे वाक्य लक्षात ठेवा. आपण परत इथे येणार आहोत.

आधी मोजलं

आमच्या कामात एक सवय लागते. काही बिघडलं की पहिला प्रश्न 'कोणी केलं' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, बिघाड कुठे कुठे दिसतोय? सगळीकडे की ठरावीक जागी?

मी आणि मामी सकाळी शेतात गेलो. दहा ओळी घेतल्या, प्रत्येक ओळीतली चाळीस झाडं. चारशे झाडांची मोबाईलवर नोंद केली, ओळ नंबर, झाड नंबर, रंग. मामी रंग सांगायची, मी टाइप करायची. ५३ फिकट निघाले. दोन तर पूर्ण हिरवे, साध्या कोबीसारखे. बाकी गडद.

आता विचार करा. खत जास्त झालं असतं तर काय दिसलं असतं? ठिबकच्या एका नळीवरची सगळी झाडं सारखी दिसली असती. किंवा नळीच्या सुरुवातीला एक रंग, शेवटाला दुसरा. जमिनीचा दोष असता तर एक पट्टा किंवा एक कोपरा फिकट झाला असता. शेजारच्याची फवारणी उडून आली असती तर बांधाकडच्या ओळी आधी बिघडल्या असत्या. आमच्या यादीत यातलं काहीच नव्हतं. फिकट गड्डे सगळीकडे विखुरलेले होते. एक गडद, त्याला लागून एक फिकट, पुन्हा गडद. दोघांमध्ये दीड फूट अंतर. तेच पाणी, तेच खत, तीच थंडी, तेच ऊन.

म्हणजे फरक शेतात पडलाच नव्हता. रोप शेतात आलं तेव्हाच तो त्याच्यासोबत आला होता.

मामीवरचा आरोप इथेच संपायला हवा होता. पण मामा म्हणाला, "मग रोपात काय झालं ते सांग." बरोबर आहे. 'खत नाही' हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं शोधायला मी कोबीच्या जनुकशास्त्रात शिरले.

हिरव्या कोबीलाही सगळं येतं

जांभळ्या कोबीचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमुळे असतो. जांभूळ, काळी द्राक्षं, वांग्याची साल, यांच्या रंगातही हीच मंडळी. पेशीच्या आत रिक्तिका नावाची एक पाण्याची पिशवी असते, तिच्यात हा रंग साठतो.

घरी बघायचं असेल तर जांभळा कोबी चिरून गरम पाण्यात ठेवा. जांभळं पाणी सुटेल. दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, गुलाबी होईल. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका, निळं-हिरवं होईल. आम्लात एक रंग, अल्कलीत दुसरा. जर्मनीत तर यावरून याच भाजीची दोन नावं आहेत. उत्तरेकडे तिला 'रोटकोल' म्हणतात, म्हणजे लाल कोबी, आणि दक्षिणेकडे 'ब्लाउक्राउट', म्हणजे निळी भाजी. शिजवताना व्हिनेगर किंवा आंबट सफरचंद पडलं की ती लाल होते, ते नसलं की निळ्याकडे झुकते.

आता मला ज्याने थक्क केलं ते सांगते. हा रंग तयार करायला पेशीला एका अमिनो आम्लापासून, फेनिलअलानिनपासून, एकामागोमाग एक बऱ्याच पायऱ्या कराव्या लागतात. प्रत्येक पायरीला एक वेगळं एन्झाइम, प्रत्येक एन्झाइमचं वेगळं जनुक. मला वाटायचं की जांभळ्या कोबीकडे ही जनुकं असतील आणि हिरव्याकडे नसतील. तसं नाहीये. हिरव्या कोबीकडेही ही सगळी पाककृती आहे. त्याला जांभळं होता येतं. कडक थंडी पडली, ऊन तीव्र झालं, स्फुरद कमी पडलं, की साध्या कोबीच्या बाहेरच्या पानांवर, शिरांवर जांभळी छटा येते. तुम्ही बघितलीही असेल.

मग एरवी का नाही येत? कारण रंग बनवायला साखर खर्च होते, ऊर्जा लागते. झाड उगाच कशाला खर्च करेल? गरज असेल तेव्हाच बनवायचं, एरवी बंद ठेवायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड लिहिलेला आहे, पण स्विच ऑफ आहे.

हा स्विच कसा चालतो? काही जनुकांचं काम दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करणं एवढंच असतं. यात एमवायबी नावाचं एक मोठं घराणं आहे. त्यातली काही अ‍ॅक्सिलरेटरसारखी असतात. ती आणखी दोन प्रकारच्या प्रथिनांना सोबत घेऊन रंगाच्या जनुकांवर बसतात आणि उत्पादन सुरू करतात. आणि काही ब्रेकसारखी. ती मध्ये घुसतात आणि उत्पादन थांबवतात. थंडी, ऊन असं काही झालं की ब्रेक थोडा सुटतो.

ब्रेक तुटला की जांभळा

२०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी हिरव्या आणि जांभळ्या कोबीचे बरेच वाण शेजारी शेजारी ठेवून बघितले. त्यांचा शोध एका ब्रेकवर येऊन थांबला. त्या जनुकाचं नाव बीओ-एमवायबीएल२-१. असली नावं लक्षात ठेवू नका, 'ब्रेक' एवढं ठेवा. हिरव्या कोबीत हा ब्रेक चालू होता. जांभळ्यात तो कामच करत नव्हता. काही वाणांत अख्खं जनुकच गायब होतं, तर काहींत त्याच्या सुरुवातीचा भाग, म्हणजे जिथून त्याला 'चालू हो' असा आदेश मिळतो तो भाग, बदलून गेला होता.

म्हणजे जांभळ्या कोबीकडे जास्तीचं काही नाहीये. उलट एक गोष्ट कमी आहे. रंग थांबवणारा हात नाही, म्हणून तो पान उघडल्यापासून रंग बनवतच राहतो. रानटी झाडाला असला खर्च परवडला नसता. पण शेतकऱ्याच्या वाफ्यात कोणीतरी असं झाड बघितलं, त्याला ते आवडलं, त्याचं बी राखलं. पुढच्या पिढीत सगळ्यात गडद तेवढं ठेवलं, बाकीचं काढलं. युरोपात हे शतकानुशतकं चाललं.

फ्लॉवरमध्ये उलटा अपघात

आपला हा कोबी एकटा नाही. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल, हे सगळे एकाच प्रजातीचे आहेत. ब्रासिका ओलेरेशिया. प्रत्येकाच्या पेशीत गुणसूत्रांच्या नऊ जोड्या. एकमेकांशी संकरही होतो. दिसायला इतके वेगळे, पण कुटुंब एकच. आणि यातल्या बऱ्याच जणांत जांभळे वाण आहेत.

जांभळा फ्लॉवर कसा झाला, हे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात काम करणाऱ्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. तिथे अ‍ॅक्सिलरेटर अडकला होता. बीओ-एमवायबी२ नावाच्या अ‍ॅक्सिलरेटर जनुकाच्या आधीच्या भागात डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसला होता. त्या तुकड्याचं नाव हार्बिंजर. तो तिथे बसल्यामुळे ते जनुक जोरात चालू झालं आणि पांढरा गड्डा जांभळा झाला.

असे उडते तुकडे असतात हे पहिल्यांदा ओळखलं बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी. कशात? मक्याच्या दाण्यांवरच्या रंगीत ठिपक्यांत. मक्याचा तो जांभळा रंगही अँथोसायनिनचाच. बाईंचं सुरुवातीचं शिक्षण आणि काम कॉर्नेललाच झालेलं. डीएनएचे तुकडे जागा बदलतात, हे त्यांचं म्हणणं कित्येक वर्षं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा त्या ऐंशी ओलांडून गेल्या होत्या. नीट बघणाऱ्या बाईचं कोणी ऐकत नाही, ही गोष्ट फक्त नारायणगावची नाही, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

पुढे २०१९ मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात दिसलं की या कुटुंबातल्या वेगवेगळ्या भावंडांत हेच अ‍ॅक्सिलरेटर जनुक स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या बदलांमुळे चालू झालंय. म्हणजे जांभळेपणा एकदा घडला आणि सगळ्यांत पसरला, असं नाही. वेगवेगळे अपघात आणि निकाल मात्र सारखा. आमच्याकडेही असं होतं. स्क्रीनवर एकच एरर दिसते, पण कारणं चार असतात.

अर्धा ब्रेक म्हणजे मळकट रंग

आता मामाच्या फिकट गड्ड्यांकडे येऊ.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. मेंडेल आठवतो? वाटाणे, उंच आणि बुटके. तिथे मधलं काही नव्हतं, उंचाने बुटक्याला झाकून टाकलं. पण रंगाच्या बाबतीत बऱ्याचदा तसं होत नाही. त्या जांभळ्या फ्लॉवरचंच बघा. जांभळा आणि पांढरा यांचा संकर केला की पहिली पिढी फिकट जांभळी येते, मधली. ती आपसांत लावली की पुढच्या पिढीत साधारण एक भाग गडद, दोन भाग फिकट, एक भाग पांढरा.

कोबीतही जांभळा आणि हिरवा यांचा संकर केला की साधारण मधलाच रंग येतो. का, ते आता कळेल. पूर्ण गडद कोबीत ब्रेकच्या दोन्ही प्रती तुटलेल्या असतात. पण समजा एक तुटलेली आणि एक चांगली मिळाली, तर? अर्धा ब्रेक लागतो. रंग बनतो, पण कमी. मळकट!

मग चांगली प्रत आली कुठून? परागकणातून. बियाण्याच्या शेतात कोबी फुलतो तेव्हा परागीकरण करतात मधमाश्या. आजूबाजूला हिरवा कोबी, ब्रोकोली, नवलकोल असं काहीही फुललेलं असेल तर माशी तिकडचा पराग इकडे आणते. तिला रंगाचं काय? म्हणून बियाण्याच्या प्लॉटपासून किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त अंतरात या कुटुंबातलं दुसरं काही फुलू द्यायचं नसतं.

संकरित बियाण्यात धोका आणखी वाढतो. अनेक संकरित वाणांत मादी ओळ अशी वापरतात की तिला स्वतःचा पराग तयारच होत नाही. ही युक्ती मुळ्यातून आलीय. जपानमध्ये ओगुरा यांनी असा पराग न देणारा मुळा शोधला आणि १९६८ मध्ये त्याबद्दल लिहिलं. नंतर तो गुण कोबीच्या कुटुंबात आणला गेला. फायदा मोठा, हाताने काही करावं लागत नाही. पण जिला स्वतःचा पराग नाही ती बाहेरून येईल तो घेणार. शेजारून हिरव्याचा आला तर तोही.

आणि हे सगळं घडतं मामाच्या शेतापासून फार लांब. कोबीला फुलायला कित्येक आठवड्यांची थंडी लागते. म्हणून आपल्याकडे कोबी-फ्लॉवरच्या बियाण्याचं काम हिमाचलसारख्या थंड भागात चालतं. कुलू खोऱ्यात कटराईनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे, ते याच कामासाठी ओळखलं जातं. काही बी परदेशातूनही येतं. नारायणगावात आपण गड्डा बघतो, फूल कधी बघतच नाही. त्यामुळे फुलात झालेली चूक थेट गड्ड्यात दिसते, तीही पैसे गुंतवून झाल्यावर.

म्हणजे आमच्या यादीचा अर्थ असा लागला. ५३ फिकट, हा परक्या परागाचा परिणाम असणार. दोन पूर्ण हिरवे, ती बहुधा सरळ सरळ मिसळलेली बी, पॅकिंगमध्ये किंवा नर्सरीत. आणि खताचा यात काही संबंध नाही.

मग ट्रेमध्येच दिसायला हवं ना?

हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि मग मला मामीचं वाक्य आठवलं. ट्रेमधल्या काही काड्या हिरव्या दिसत्यात.

गडद जांभळ्या कोबीचं रोप लहानपणापासूनच जांभळं असतं. दोन पानांवर असतानाच त्याची काडी जांभळी, पानाची खालची बाजू जांभळी. ब्रेक नाहीच म्हटल्यावर रंग गड्डा होईपर्यंत कशाला थांबेल? आणि अर्धा ब्रेक असलेल्या रोपाची काडी फिकट किंवा हिरवट. बियाण्याची शुद्धता तपासणारे लोक अशा खुणांचा उपयोग करतात. जिथे डोळ्याला खात्री नसते तिथे आता डीएनएची चाचणी आहे. त्या कोरियाच्या संशोधकांनीही ब्रेकच्या जागी काय आहे ते ओळखणाऱ्या खुणा तयार केल्या होत्या.

म्हणजे मामीने लावणीच्या आधी, एकही पैसा न खर्चता, चाचणी केली होती. निकालही सांगितला होता. तो कोणी नोंदवला नाही, एवढंच.

रात्री जेवताना मी मामाला हे सगळं सांगितलं. मोबाईलवरची यादी दाखवली. मामाने बराच वेळ बघितली. मग म्हणाला, "पण नर्सरीवाला म्हणत होता हवामानामुळं." मी म्हटलं, "मामा, हवामान एका झाडाला सोडून शेजारच्या झाडाला लागतं का?" तो काही बोलला नाही. मामी पण काही बोलली नाही. तिने त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

नर्सरीकडून भरपाई मिळाली का? नाही. बियाण्याची तक्रार करायची तर बियाण्याची पिशवी, लॉट नंबर, बिल असं काहीतरी हातात लागतं. आम्ही रोपं आणली होती. बिलावर फक्त 'कोबी रोपे' आणि संख्या. कुठल्या लॉटचं बी, काही लिहिलेलं नाही. ऐकणाऱ्यांमध्ये ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी हे तेवढं लक्षात ठेवा. रोपं घेताना वाण आणि लॉट नंबर बिलावर लिहून घ्या. पिशवीचा फोटो काढून ठेवा. मोबाईल तर हातात असतोच.

पुढच्या वर्षी

मला वाटलं मामा आता परत जांभळा कोबी लावणार नाही. पण पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्याने लावला, तेवढाच, दहा गुंठे. ट्रे आले तेव्हा त्याने ते उतरवून घेतले आणि मामीला म्हणाला, "बघून घे."

यापेक्षा जास्त माफी आमच्या घरात कोणी मागत नाही.

मामीने ट्रे शेडनेटखालून काढून दोन दिवस उन्हात ठेवले. कारण सावलीत रंग कमी येतो, तिथे गडद रोपसुद्धा फसवं दिसतं. हे तिने माझ्या आधीच ओळखलं होतं. मग एकेक रोप काडीशी बघत गेली. या वेळी फिकट कमी होती, साठेक निघाली. ती बाजूला काढली.

तेवढ्यात मी आगाऊपणा केला. म्हटलं, मामी, सगळी फेकू नकोस. वीस रोपं बांधाकडच्या ओळीत वेगळी लाव. आपलं म्हणणं खरं आहे का ते कळेल. ती हसली, पण लावली. शेजारच्या ओळीत गडद रोपं. खत-पाणी दोघांना सारखं. हेच आमच्या ऑफिसात केलं की त्याला ए-बी टेस्ट म्हणतात आणि त्याचं प्रेझेंटेशन होतं.

जानेवारीत निकाल आला. वीसपैकी एक अळीने खाल्लं. १७ गड्डे फिकट निघाले. आणि दोन चक्क गडद! म्हणजे मामीचा डोळा दोन ठिकाणी चुकला. तिला ते दोन जास्त लागले. म्हणाली, "ही दोन उगाच काढली असती." मी म्हटलं, उरलेल्या शेताकडे बघ. तिथे फिकट शोधावा लागत होता. व्यापाऱ्याने क्रेट उपसले, या वेळी बोलला नाही काही, वजन केलं.

आणि ते इंजेक्शनचं काय?

शेवटी एक गोष्ट. २०२१ मध्ये मालेगाव तालुक्यात पिवळा आणि जांभळा फ्लॉवर पिकल्याची बातमी आली होती. असे फोटो ग्रुपवर आले की खाली ठरलेली वाक्यं असतात. रंग टोचलाय. केमिकल आहे. जीएम आहे, खाऊ नका.

आता तुम्हाला उत्तर माहीत आहे. या रंगासाठी बाहेरून काही टोचावं लागत नाही. प्रयोगशाळेत परकं जनुकही घालावं लागत नाही. झाडाच्या स्वतःच्या डीएनएमध्ये अपघात झाला, माणसाने तो हेरला, बी राखलं, संकर केले. जो रंग तुमच्या साध्या हिरव्या कोबीला थंडीत थोडासा बनवता येतो, तोच हा कोबी न थांबता बनवतो. शंका घ्यायला माझी हरकत नाही. पण चिरा, गरम पाण्यात टाका, लिंबू पिळा, आणि मग बोला.

मला या सगळ्यातून काय मिळालं? जनुकांची नावं मी कदाचित विसरेन. पण ५३ फिकट झाडांच्या मधल्या त्या गडद झाडांनी मला एक सांगितलं. नुकसान झालं की आपल्याला घाईने कोणाचं तरी नाव हवं असतं, आणि बहुतेक वेळा जवळच्याच माणसाचं नाव सापडतं. खत सोडणारी मामी समोर होती. कुठल्या तरी डोंगरातली, कुठल्या तरी फुलावरची मधमाशी समोर नव्हती.

तर पुढच्या वेळी काही बिघडलं, शेतात, घरात, कामावर, तर आधी मोजा. कुठे बिघडलंय, कुठे नाही, दोन्ही लिहा. आणि ज्याने आधीच काहीतरी बघितलं होतं, त्याला विचारा.

मामी या आठवड्यात पुढच्या लावणीचे ट्रे तपासतेय. या वेळी तिने बिलावर लॉट नंबर लिहून घेतलाय. फोटो मला पाठवलाय, जरा हललेला आहे, पण नंबर वाचता येतो.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर मला कळवा. भाग आवडला तर तुमच्या त्या इंजेक्शनवाल्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!